टीव्ही सुरू होत नाही? मेकॅनिकला फोन करण्याआधी

टीव्ही चालू होईना की बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. रिमोट तळहातावर आपटून पाहिला जातो आणि मग मेकॅनिकला फोन जातो, ‘टीव्ही गेला, येऊन बघा.’ या ‘गेला’मध्ये फार काही मावतं. सॉकेटमधला सैल संपर्क, उतरलेले सेल, जळलेला पॉवर बोर्ड, विझलेल्या एलईडी पट्ट्या, लोगोवर अडकलेलं सॉफ्टवेअर आणि खरोखर निकामी झालेलं पॅनेल, या सगळ्याला आपण एकच नाव देतो. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्या दोन बिघाडांना टीव्हीचा मेकॅनिक लागतच नाही, आणि शेवटच्याचा आकडा ऐकला की लोक नवा सेट घ्यायला निघतात. मधल्या बिघाडाला शेवटच्याचं नाव मिळालं की चांगला सेट भंगारात जातो. हे टाळायचं असेल तर बिघाड साधारण कुठल्या टप्प्यावर आहे, ते सेट उचलून नेण्याआधी आपल्याला कळायला हवं. डोळे, कान आणि मोबाइलचा टॉर्च यांवर त्यातलं बरंचसं कळतं.

एक मात्र आधी सांगतो. मागचं झाकण काढायचं नाही. २३० व्होल्टची एसी वीज पॉवर बोर्डावर डीसी होते तेव्हा तिथल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट चढतात, काही बोर्डांवर ४०० च्या आसपास. प्लग काढला म्हणजे हा साठा लगेच उतरतो असं नाही. जुना पिक्चर ट्यूबचा सेट कुणाकडे असेल तर त्याच्या ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही तिथे धक्का बसण्याइतकी वीज उरू शकते. पुढे सांगितलेल्या सगळ्या तपासण्या बाहेरूनच करायच्या आहेत.

सुरुवात भिंतीपासून करायची. इथे हमखास फसवणारी वस्तू म्हणजे टेस्टर. ‘टेस्टर पेटतोय, म्हणजे सप्लाय आहे’ असं आपण ठामपणे म्हणतो. पण टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटायला अगदी नगण्य करंट पुरतो. न्यूट्रल तुटलेली असली तरी फेजवर टेस्टर पेटतो. सॉकेटमधली पकड सैल होऊन संपर्क जेमतेम उरला असला तरीही पेटतो. मोबाइलचा चार्जरही पुरेसा पुरावा नाही, कारण तो १०० व्होल्टवरसुद्धा मुकाट चालतो. त्याच सॉकेटवर टेबल फॅन लावून पाहा. तो रोजच्या वेगाने फिरला तर सप्लाय ठीक आहे. रेंगाळत फिरला तर व्होल्टेज पडलंय. मधेच थांबत असेल किंवा सॉकेटमधून चरचर ऐकू येत असेल तर संपर्क सैल आहे. मग बोर्डाचा स्विच बंद करून टीव्हीचा प्लग काढा आणि पिना नीट पाहा. एखादी पिन काळवंडलेली, तिच्याभोवतीचं प्लास्टिक पिवळट किंवा किंचित वितळलेलं दिसलं तर टीव्हीपेक्षा सॉकेट आधी बदलायला हवं आणि ते काम वायरमनचं आहे.

एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक गार्ड, स्टॅबिलायझर यांपैकी जे काही मधे असेल ते बाजूला करून टीव्ही थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावा. स्पाइक गार्डचा स्विच किंवा आतला फ्यूज जाणं फार नेहमीचं आहे. काही स्टॅबिलायझर वीज आल्यावर दोन-तीन मिनिटं सप्लाय अडवून धरतात. ती वेळ जाऊ न देता लोक सेट बंद पडला असं ठरवून मोकळे होतात. आजच्या बहुतेक एलईडी सेटच्या मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. म्हणजे कमी व्होल्टेज हा सेट स्वतःच सांभाळतो. त्याला खरी भीती जास्त व्होल्टेजची असते.

ही भीती नीट समजून घ्यायला हवी. आपल्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येते. रस्त्यावरच्या लाइनवर तीन फेज असतात आणि न्यूट्रल सगळ्यांची एकच. ही सामायिक न्यूट्रल खांबावर किंवा इमारतीच्या मीटर रूममध्ये तुटली की काही घरांचं व्होल्टेज खाली जातं आणि काही घरांचं चढत ४०० च्या जवळ पोहोचू शकतं. दिवे अचानक लखलखतात, पंखे सुसाट सुटतात आणि काही क्षणांत टीव्ही, फ्रिज, चार्जर एकापाठोपाठ गप्प होतात. तुमच्याकडे टीव्हीबरोबर दुसरंही काही बंद पडलं असेल, किंवा शेजारच्यांकडेही तसंच झालं असेल, तर टीव्ही दुरुस्त करून लगेच त्याच सॉकेटला लावू नका. मेन स्विच बंद करा, वायरमनला न्यूट्रल तपासायला सांगा आणि वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ आहे. तक्रार नोंदवल्यावर मिळालेला क्रमांक लिहून ठेवा.

सप्लाय ठीक असेल तर पुढची तपासणी वायरची. बऱ्याच सेटची पॉवर कॉर्ड मागून निघते, पूर्वी टेपरेकॉर्डरला असायची तशी दोन भोकांची. ती काढून घट्ट बसवा, शक्य असेल तर दुसरी लावून पाहा. काही लहान सेटना लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो. सेट धडधाकट आणि अडॅप्टर गेलेला, असं अनेकदा निघतं. नवा घेताना त्यावरचे व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत.

आता सेटच्या पुढ्यात बसा आणि स्टँडबायच्या दिव्याकडे पाहा. बहुतेक सेटवर तो लाल असतो. बाहेरून मिळणाऱ्या माहितीत याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, तरी मेकॅनिकला फोन करणारे लोक नेमकं हेच सांगायला विसरतात.

दिवा लागतच नाही आणि सप्लायची खात्री आहे, तर बिघाड बहुधा पॉवर बोर्डावर आहे. मेकॅनिकच्या भाषेत सेट ‘डेड’ आहे. मात्र काही सेटवर हा दिवा सेटिंगमधून बंद करता येतो. तो आधी लागत होता का, हे घरच्यांना विचारून घ्या.

दिवा स्थिर लाल आहे पण सेट हलत नाही, तर वीज आत पोहोचली आहे. स्टँडबायचा भाग जिवंत आहे. आता एक तर चालू होण्याचा हुकूम पोहोचत नाही, किंवा मेन बोर्ड तो पाळत नाही. रिमोट बाजूला ठेवा आणि सेटवरचं बटण दाबा. नव्या सेटवर ते शोधावं लागतं. बहुधा खालच्या कडेला लोगोच्या खाली असतं, नाही तर मागे एका कोपऱ्यात. बोटांनी चाचपडलं की सापडतं. बटणाने टीव्ही लागला तर दोष रिमोटचा. रिमोटचं पुढचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा, बटण दाबा आणि स्क्रीनवर पाहा. रिमोट चांगला असेल तर टोकाला जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसतो. हा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. काही मोबाइलचा मागचा कॅमेरा तो अडवतो, तेव्हा सेल्फीचा कॅमेरा वापरा. ठिपका दिसला नाही तर सेल बदला. सेल गळून स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड धरली असेल तर ती कोरड्या ब्रशने खरवडा.

दिव्याचा रंग बदलतो किंवा तो विझतो, आतून ‘टक्’ असा रिलेचा आवाज येतो आणि दोन-चार सेकंदांत पुन्हा सगळं जैसे थे. मेकॅनिक याला सेट ‘प्रोटेक्शनला जातोय’ असं म्हणतात. सेट चालू होऊ पाहतो, त्याला कुठेतरी शॉर्ट किंवा चुकीचं व्होल्टेज आढळतं आणि तो स्वतःहून माघार घेतो. इथे एक सोपी गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. एचडीएमआय, यूएसबी, डिशची वायर, साउंडबार, सगळं मागून काढून टाका आणि नुसत्या पॉवरवर सेट लावा. खराब पेन ड्राइव्ह किंवा विजेच्या कडकडाटात गेलेला सेटटॉप बॉक्ससुद्धा टीव्हीला उठू देत नाही.

दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तेवढ्याच वेळा लुकलुकतो, तर सेट आपला बिघाड आकड्यात सांगतो आहे. दोन-तीन फेऱ्या मोजून आकडा कागदावर लिहा, किंवा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. आकड्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्या सेटचा अर्थ आपल्या सेटला लावू नका.

दिवा कोणताही असो, एकदा सेटला पूर्ण विश्रांती देऊन पाहा. प्लग काढा, सेटवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा लावा. वीज गेली-आली की मेन बोर्डावरचा प्रोसेसर काही वेळा गोठतो, आणि नुसता रिमोटने बंद-चालू केल्याने तो सुटत नाही, कारण स्टँडबायमध्ये त्याला वीज मिळतच राहते.

आता सर्वांत जास्त गैरसमज असलेल्या बिघाडाकडे येतो. दिवा ठीक आहे, आवाज येतो, पण पडदा काळा. याला सर्रास ‘पॅनेल गेलं’ म्हटलं जातं आणि याच निदानावर बरेच सेट भंगारात जातात. काळा पडदा दोन प्रकारचा असतो. रात्री खोलीतले दिवे घालवून पाहा. पडद्यावर धुरकट, राखाडी उजेड असेल तर मागचे दिवे पेटलेले आहेत आणि चित्र पोहोचत नाही. आधी रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून योग्य इनपुट निवडलाय का ते पाहा. ‘नो सिग्नल’ अशी पाटी फिरत असेल तर टीव्ही ठणठणीत आहे, चौकशी सेटटॉप बॉक्सची किंवा केबलवाल्याची करायची. यातलं काहीच नसेल तर दोष मेन बोर्डात, पॅनेलला चित्र पुरवणाऱ्या टी-कॉन बोर्डात किंवा पॅनेलमध्ये असू शकतो.

पण पडदा गडद काळा असेल आणि मालिकेतली भांडणं नीट ऐकू येत असतील, तर टॉर्चची परीक्षा करा. टीव्ही चालू ठेवा आणि रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा, म्हणजे पडद्यावर स्थिर काहीतरी येईल. मोबाइलचा टॉर्च काचेच्या अगदी जवळ, तिरका धरा आणि हळूहळू सरकवत न्या. उजेडाच्या वर्तुळात मेनूच्या ओळी, चॅनेलचा आकडा किंवा एखादा चेहरा पुसटसा दिसू लागला, तर तुमचं पॅनेल चालू आहे. चित्र तयार होतंय, त्यामागचा उजेड तेवढा गेलाय. एलसीडी पॅनेल स्वतः प्रकाशत नाही. त्याच्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि एका पट्टीतले दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात. गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखं आहे, एक दिवा तुटला की सगळी माळ विझते. तीस-चाळीस दिव्यांतला एक गेला म्हणून पंचेचाळीस हजारांचा टीव्ही काळा पडतो.

पट्ट्या बहुधा अचानक जात नाहीत. आधी चित्र निळसर दिसू लागतं, कुठे काळपट डाग पडतो, किंवा टीव्ही लावला की क्षणभर उजेड येऊन विझतो. अशी लक्षणं आठवत असतील तर तीही मेकॅनिकला सांगा. पट्ट्या मॉडेल नंबरनुसार मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही सुट्या भागांसाठी ओळखीची ठिकाणं आहेत. एक पट्टी गेली तरी सगळा संच बदलून घ्यावा, कारण बाकीच्या पट्ट्यांचंही तेवढंच वय झालेलं असतं. हे काम नवख्याचं नाही. त्यासाठी पॅनेलची काच पूर्ण उचलावी लागते आणि तिच्या कडेला कागदासारख्या पातळ फिती असतात. एक फीत फाटली की चांगलं पॅनेल खरंच निकामी होतं. अशी कामं आधी केली आहेत का आणि काच फुटली तर जबाबदारी कोणाची, हे आधीच बोलून घ्या. दुरुस्तीनंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट पूर्ण शंभरवर ठेवू नका, साठ-सत्तर घरासाठी पुरेसा होतो आणि पट्ट्या कमी तापतात. ओएलईडी सेटला बॅकलाइटच नसतो, त्याला ही परीक्षा लागू नाही.

स्मार्ट टीव्हीची आणखी एक तऱ्हा आहे. सेट लागतो, कंपनीचा लोगो येतो आणि तिथेच अडकतो, किंवा पुन्हा पुन्हा लोगोपासून सुरुवात करतो. हा सॉफ्टवेअरचा किंवा ते साठवणाऱ्या मेमरीचा बिघाड असतो. कंपनीच्या सेवा केंद्राकडून फॅक्टरी रीसेटची पद्धत विचारून घ्या. पेन ड्राइव्हमधून सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर फाइल आपल्याच मॉडेलची हवी. भलतीच फाइल टाकली तर अडकलेला सेट पुरता डेड होऊ शकतो.

कोकणातल्या घरांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. पावसाळाभर बंद असलेलं घर गणपतीसाठी उघडतं, चाकरमानी पोहोचल्या पोहोचल्या टीव्ही लावतात आणि आत फट् आवाज होतो. सेटमध्ये दमट हवा मुरलेली असते, प्लगच्या पिनांवर गंज असतो आणि आडोशाची जागा म्हणून पॉवर बोर्डावर पालीने किंवा मुंग्यांनी घर केलेलं असतं. पाल दोन जोडांमध्ये सापडली की शॉर्ट होतो आणि बोर्ड जातो. अशा घरात टीव्ही पहिल्याच दिवशी लावू नका. खोली उघडी ठेवा, सेटवर एक दिवस पंख्याचं वारं घ्या, पिना कोरड्या कापडाने पुसा आणि मगच प्लग लावा. घर बंद करून निघताना टीव्हीचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा. वळवाच्या पावसात वीज कडाडत असतानाही हेच करायचं, कारण विजेचा झटका डिशच्या वायरीतूनही आत येतो आणि एचडीएमआयमार्गे मेन बोर्डापर्यंत पोहोचतो. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत पडद्यावर थेट फवारा मारणंही असंच महागात पडतं. पाणी काचेवरून ओघळून खालच्या कडेत शिरतं, आणि पुष्कळ सेटमध्ये नाजूक फिती तिथेच असतात. कापड किंचित ओलं करून पुसा, फवारा कापडावर मारा.

सेट उघडल्यावर मेकॅनिक काय करतो, हे थोडं माहीत असलेलं बरं. तो आधी फ्यूज पाहतो. फ्यूज गेलेला सापडला आणि नुसता बदलून दिला, तर तो का गेला याची खातरजमा करा. फ्यूज आपोआप जात नाही. त्याच्यापुढे काहीतरी शॉर्ट झालेलं असतं. जास्त व्होल्टेज आलं तर त्याला आडवी येणारी व्हेरिस्टरची चकती फुटून काळी पडते. कधी वीज चालू-बंद करणारा मॉस्फेट शॉर्ट होतो. फ्यूजच्या जागी तार टाकून सेट चालवणं आग लावण्यासारखं आहे, तसं करू देऊ नका. जाणता मेकॅनिक सेट थेट विजेला लावत नाही, तो सिरीज बोर्डावर लावतो. मधे जोडलेला शंभर वॉटचा बल्ब भगभगीत पेटला तर शॉर्ट अजून आहे, क्षणभर उजळून मंद झाला तर मार्ग मोकळा आहे. कपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं, वर टेकाड आलेलं दिसलं तर तो गेलेला आहे, आणि हा बदल स्वस्तात होतो.

तेव्हा फोन करताना ‘टीव्ही गेला’ म्हणू नका. असं काही सांगा: ‘४३ इंची एलईडी, मॉडेल नंबर हा, काल संध्याकाळी लाइट जाऊन आली तेव्हापासून लाल दिवा स्थिर आहे, सेटवरच्या बटणानेही चालू होत नाही, पंखा त्याच सॉकेटवर नीट चालतो, मागच्या सगळ्या वायरी काढून पाहिल्या.’ एवढं ऐकल्यावर मेकॅनिक सोबत योग्य बोर्ड घेऊन येतो आणि समोरच्या माणसाला कळतं हेही त्याला कळतं. आपलं निदान मात्र त्याच्यावर लादू नका. लक्षणं सांगा आणि निर्णय त्याला घेऊ द्या.

वॉरंटी बाकी असेल तर बाहेरच्या कुणाला झाकण उघडू देऊ नका. बिल शोधा, पॅनेलची वॉरंटी वेगळी आहे का ते वाचा आणि तक्रार क्रमांक घ्या. कंपनी टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वॉरंटी संपली असेल आणि ‘पॅनेल गेलं, नवा घ्या’ असं ऐकायला मिळालं, तर मेकॅनिकला टॉर्चची परीक्षा तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा आणि दुसऱ्या मेकॅनिकचं मत घ्या. पॅनेल खरंच फुटलं असेल, काचेखाली कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग किंवा शाई सांडल्यासारखा डाग असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. नव्या पॅनेलची किंमत नव्या सेटच्या जवळ जाते.

दुरुस्ती झाली की बिलावर कोणता बोर्ड किंवा भाग बदलला ते आणि किती दिवसांची हमी ते लिहून घ्या, आणि काढलेला जुना भाग मागून घ्या.